गवतातली पिवळी रेघ

“या हॉलमध्ये डग्गा काय घुमतो, भिया. खालून कोणी साथ देतंय असं वाटतं.”

तबला वाजवणारे काका हे आमच्या इंदूरच्या मंडळाच्या सेक्रेटरी काकांना सांगत होते; इंदुरात ‘भैया’चं ‘भिया’ होतं. मी त्यांच्या मागे सतरंजी उलगडत होते. सेक्रेटरी काका असे खूश झाले, जणू हॉल त्यांनी स्वतः बांधला होता. म्हणाले, बाहेरून येणारे कलाकारही हेच बोलतात. तबलजी काकांनी हातोडी खाली ठेवली आणि डग्ग्यावर आणखी एक थाप मारली. ती थाप कानाला ऐकू येणं बंद झाल्यावरही माझ्या तळपायांना थोडा वेळ जाणवत राहिली. मी अनवाणी होते. सतरंजीचं टोक सोडून मी हॉल ओलांडून दाराजवळच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. काकांनी पुन्हा थाप मारली. तिथे पायांना काहीच कळलं नाही.

मी सहसा बोलत नाही. शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी आणि घर मराठी. तिन्ही भाषा येतात, पण चारचौघांत तोंड उघडायच्या आधी कोणती भाषा हे ठरवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. म्हणून मी बघते. बघायला भाषा लागत नाही.

ती मे महिन्यातली तालीम होती. दोन आठवड्यांनी रविवारी सकाळी मंडळाची वर्षाची मोठी बैठक होती, आणि त्या बैठकीत माझी आई पहिल्यांदा एकटी गाणार होती. आई शाळेत गणित शिकवते. मी लहान होते तेव्हापासून ती मंडळाच्या समूहगानात दुसऱ्या ओळीत, खांबाच्या बाजूला उभी राहून गात आली आहे. कोणी तिला पुढे बोलावलं नाही आणि तिनेही कधी म्हटलं नाही. या वर्षी तबलजी काकांनीच तिचं नाव सुचवलं. त्या दिवसापासून पहाटे पाचला आमच्या स्वयंपाकघरात तोडी सुरू व्हायची. कुकर लावायच्या आधी एकदा आणि डबे भरून झाल्यावर एकदा. मी अंथरुणात पडून ऐकायची. तिचा कोमल गंधार जिथे लागायला हवा तिथे लागला की ती स्वतःशीच ‘हं’ म्हणायची, वहीतलं उदाहरण बरोबर आल्यासारखं.

त्या बैठकीपासून आई कुठेही गायला बसायच्या आधी उजव्या पायाची टाच जमिनीवर दोनदा आपटते. मग बसते. तबलजी काका तोवर थांबतात. हसत नाहीत.

ही टाच आपटण्याची सवय मी पहिल्यांदा पाहिली ती इंग्लंडमध्ये. मी तिथे एक वर्ष शिकायला होते आणि सुट्टीच्या दिवशी आत्याकडे जायची. आत्या एका लहान गावात नर्स आहे. त्या गावाखाली एके काळी कोळशाच्या खाणी होत्या. खाणी बंद होऊन खूप वर्षं झाली, पण अधूनमधून कोणाच्या तरी परसातली जमीन हातभर खाली बसायची. आत्याच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहायचे, निवृत्त बस ड्रायव्हर. रविवारी ते, आत्या, एक पोस्टवाली बाई आणि मी असे फिरायला निघायचो. पोस्टवाली बाई वाटभर गुणगुणायची, कारण संध्याकाळी तिला चर्चमध्ये गायचं असायचं. आत्या टेकडीची वाईट चित्रं काढायची. ती खरंच वाईट असायची, आणि तरी ती घरी नेऊन फ्रिजवर लावायची. बस ड्रायव्हर आजोबा नांगरलेल्या शेताच्या कडेने वाकून चालायचे आणि मातीच्या चिलमींचे तुकडे, फुटक्या बशांच्या कडा खिशात घालायचे. यांतलं कोणीच कशातलं जाणकार नव्हतं. मला तेच आवडलं. आमच्याकडे गाणं शिकायचं तर परीक्षा द्यायची, चित्र काढायचं तर स्पर्धेत पाठवायचं. तिथे लोक पावसात भिजत बसून एका दगडाकडे बघायचे आणि मग थर्मासमधला चहा प्यायचे.

थर्मास ठेवायच्या आधी आजोबा जमिनीवर टाच आपटायचे. दोनदा. त्यांच्या वडिलांची अवजारांची खोली एका सकाळी छपरासकट जमिनीत गेली होती, असं आत्याने मला सांगितलं. आजोबांनी स्वतः ते कधी सांगितलं नाही. फक्त टाच आपटायचे, कान देऊन थांबायचे, आणि मग आम्हाला बसा म्हणायचे.

त्या उन्हाळ्यात तिथे पाऊस लांबला. गावाच्या मैदानातलं गवत वाळलं, आणि वाळताना त्यात सरळ पिवळ्या रेघा उमटल्या. एक चौकोन, त्याला लागून एक अर्धगोल. आजोबांनी काठीने दाखवलं. म्हणाले, खाली भिंती आहेत. दगडावर माती पातळ असते, तिथलं गवत आधी तहानतं. चौकोन म्हणजे खोली, अर्धगोल म्हणजे बहुतेक भट्टी. पाऊस पडला की पुसून जाईल, म्हणून आत्ताच बघून घ्या. आम्ही चौघं त्या नसलेल्या घरात उभे होतो. पोस्टवाली बाई गुणगुणायची थांबली होती.

इंदूरला परत आल्यावर मी रविवार तसेच घालवायचे ठरवले. कृष्णपुऱ्याला होळकरांच्या छत्र्यांच्या पायऱ्यांवर बसून कोरीवकाम वहीत उतरवायची. परदेशीपुऱ्यात मिलची उंच चिमणी कोणत्या गल्लीतून किती दिसते ते बघत फिरायची. राऊच्या बाजूला एक उजाड टेकाड आहे, तिथे जाऊन प्लॉट पाडायच्या आधीची जमीन बघायची. आई याला भटकणं म्हणायची, पण डबा द्यायची.

तालमीच्या दुसऱ्या दिवशी मी हॉलच्या मागच्या बागेत गेले. बाग म्हणजे काय, दोन बाक, एक नळ आणि गवताचा तुकडा. मे असल्यामुळे गवताला दिवसाआड पाणी मिळायचं आणि तेही पुरायचं नाही. मी बाकावर बसून हॉलची मागची भिंत काढत होते. भिंतीच्या पायथ्याची रेघ काढताना हात थांबला. गवतात वीतभर रुंदीचा पिवळा पट्टा होता. भिंतीच्या एका टोकाजवळ सुरू होऊन, वळून, तो दुसऱ्या टोकाजवळ पुन्हा भिंतीखाली गेला होता. कंपासने काढावा तसा. पट्ट्याच्या आत गवत विरळ, बाहेर दाट.

मी उठून त्याच्यावरून चालले. मग कागदावर ते वळण पुढे नेलं. जेवढं बागेत दिसत होतं तो गोलाचा लहानसा काप होता. बाकीचा गोल हॉलच्या खाली जात होता. मी आतल्या खिडक्या आणि खांब मोजून तो हॉलमध्ये कुठवर पोचतो ते बघितलं. स्टेज पूर्ण आत येत होतं, आणि पुढच्या तीन-चार ओळी. दाराजवळची भिंत बाहेर राहत होती. जिथे माझ्या पायांना काहीच कळलं नव्हतं ती.

वही मिटून मी हात धुवायला पट्ट्याच्या कडेच्या नळाकडे गेले. नळाच्या ओट्यावर हळदीचे डाग होते, जुने आणि नवे. ते मी लहानपणापासून बघत होते. आमच्या कॉलनीत बाळ झालं की सव्वा महिन्याने बाळंतीण त्या नळाची पूजा करायला येते. माळव्यात याला जलवा म्हणतात. खरी पूजा विहिरीची असते. शहरात विहिरी राहिल्या नाहीत म्हणून नळावर भागवतात, असं मी धरून चालले होते. पण आता मला पहिल्यांदा वाटलं, घराघरांत नळ असताना सगळ्या जणी याच नळाकडे का येतात?

कोपऱ्यावरच्या घरात एक माळवी आजी राहायच्या. सगळे त्यांना बा म्हणायचे. जलवा असला की त्यांना बोलावणं जायचंच. मी कधी त्यांच्याशी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलले नव्हते. त्या दिवशी गेले. त्या ओसरीवर लसूण सोलत होत्या. मी विचारलं, नळाच्या जागी आधी काय होतं.

“बावड़ी थी, बेटा. म्हने भी यां ज जलवा पूजी.”

म्हणजे त्यांनीही जलवा इथल्याच पायऱ्यांच्या विहिरीवर पुजला होता. मी म्हटलं, ती बुजवली ना पण. बा माझ्याकडे बघून हसल्या. बुजवली कुठे, म्हणाल्या. लोखंडी गर्डर टाकले, वर फर्श्या ठेवल्या, त्यावर माती. बायकांनी आरडाओरडा केला की जलवा कुठे पुजायचा, म्हणून कडेला एक भोक ठेवलं. त्यातून सुपारी आत टाकायची आणि पाण्याचा आवाज आला की पूजा पोचली. त्यांच्या धाकट्या सुनेच्या वेळेपर्यंत आवाज यायचा. मग भोकात कोणाच्या तरी नातवाचा पाय अडकला, तेव्हा ते सिमेंटने बंद करून वर नळ बसवला. हॉल त्याच्याही नंतरचा.

मी विचारलं, सुपारी टाकल्यावर आवाज यायला किती वेळ लागायचा. बांनी लसणाची पाकळी उचलली, हवेत धरली आणि मनात काहीतरी मोजून ओंजळीत टाकली. तेवढा वेळ मला फार मोठा वाटला.

त्या रात्री मी आईला सांगितलं. मला वाटलं होतं की मी नीट सांगेन, आधी बा, मग गवत, मग डग्गा. पण मी उलट्या बाजूने सुरू केलं आणि पायांना थाप जाणवली हेच आधी सांगितलं. आई इस्त्री करत होती. बैठकीत नेसायची साडी होती. तिने इस्त्री उभी केली.

“माझ्याच गाण्याच्या वेळी तुला हे सुचलं?”

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती पुढे एवढंच म्हणाली की त्या हॉलमध्ये इतकी वर्षं लग्नं झाली, गरबा झाला, तेव्हा काही नाही झालं. मग ती अर्धवट इस्त्री झालेली साडी तशीच घडी घालू लागली. मला कळलं की तिला वाटतंय, मला तिची लाज वाटते आणि मी कारण शोधते आहे.

सेक्रेटरी काकांना मी मेसेज पाठवला. समोर जाऊन सांगायचं धैर्य नव्हतं. गवताचा फोटो, माझं चित्र, बांचं म्हणणं. त्यांनी नमस्काराचा हात पाठवला आणि लिहिलं, बेटा, ती बावडी आमच्या वडिलांच्या वेळीच बुजवली. मग त्यांनी तो फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. वाईट हेतूने नसेल. खाली कोणीतरी लिहिलं, विलायती चष्म्यातून सगळंच गवत पिवळं दिसतं. त्यावर बरेच हसरे चेहरे आले. एकाने विचारलं, आमच्या गच्चीवरच्या भेगेत कोणता किल्ला आहे तेही बघून सांगा, ताई. याच शहरात एका देवळात झाकलेल्या विहिरीवरची फर्शी खचून माणसं आत पडली होती, हे त्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणूनच बहुतेक हसले. संध्याकाळी सेक्रेटरी काकांनी लिहिलं, कार्यक्रमानंतर कोणाला तरी बोलावून बघू. मी त्यावर ठीक आहे लिहिलं. हे ‘ठीक आहे’ मी लिहिलं होतं, हे मी इथे सांगितलंच पाहिजे.

आत्याला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही थांबवलं नाही. फोटो बघितला. तिच्या मागे केटलचा आवाज येत होता. मला वाटलं ती सेक्रेटरी काकांशी बोलेल, ती मोठी आहे, तिचं ऐकतील. मी तसं म्हटलंही.

“मी इथे आहे गं,” आत्या म्हणाली. “बसणार तुम्ही आहात.”

पुढचे दिवस मी रोज बागेत जाऊन बघायची. पट्टा रुंद होत नव्हता, काही नाही. गवत होतं. नळ ठिबकत होता. कधीकधी वाटायचं, ग्रुपवाल्यांचं बरोबर आहे, एका वर्षात मी जरा जास्तच शिकून आले. तिथे आम्ही वाळलेल्या गवताकडे बघून आनंदाने चहा प्यायलो होतो, कारण त्या खोलीत राहणारी माणसं शेकडो वर्षांपूर्वी गेलेली होती. इथल्या गोलावर माझी आई बसणार होती.

रविवारी सकाळी साडेसातलाच ऊन चढलं होतं. हॉल नेहमीपेक्षा भरला. उकाडा म्हणून सेक्रेटरी काकांनी दोन मोठे लोखंडी कूलर मागवले होते, काठोकाठ पाणी भरलेले, स्टेजच्या दोन्ही बाजूंना. कूलर सुरू झाल्यावर त्यांच्या घरघरीने फर्शी थरथरायला लागली. निदान मला तसं वाटलं. पुढच्या ओळींत सगळे म्हातारे लोक बसले, ज्यांना ऐकायला कमी येतं आणि उठायला वेळ लागतो. मी दाराजवळच्या भिंतीला टेकून उभी राहिले. एक ओळखीच्या काकू म्हणाल्या, अगं पुढे ये, आईचं गाणं आहे, अशी परक्यासारखी काय उभी. मी मान हलवली आणि तिथेच राहिले.

पोहे आणि चहा झाला. समूहगान झालं. मग आई स्टेजवर येऊन बसली. इस्त्री केलेली साडी, केसात मोगरा. तिने मला शोधलं आणि मी इतकी मागे आहे हे बघून नजर काढून घेतली.

तबलजी काकांनी हाताला पावडर लावली. डबा नेहमीप्रमाणे जरा जास्तच उलटा झाला आणि पावडर त्यांच्या मांडीपुढे, सतरंजी संपते तिथल्या उघड्या फर्शीवर सांडली. आईने सा लावला. हॉल शांत झाला. तिचा आवाज घरी स्वयंपाकघरात ऐकला होता त्याहून मोठा होता, आणि खालून भरून येत होता. लोकांनी माना हलवल्या. गंधार लागला, जिथे लागायला हवा तिथेच, आणि मला ते ‘हं’ ऐकू आलं नाही, पण तिच्या खांद्यांवरून कळलं. मला वाटलं, होऊ दे. हे एवढं पूर्ण होऊ दे.

मग विलंबित सुरू झालं आणि डग्ग्यावर पहिली थाप पडली. पावडर उडाली. दुसऱ्या थापेला ती सरकली. फर्शीवर पसरलेल्या त्या पांढऱ्या थरात मधूनच एक बारीक काळी रेघ उमटली. सरळ नव्हती, वळत जाणारी होती. प्रत्येक थापेबरोबर दोन्ही बाजूंची पावडर त्या रेघेकडे जायची आणि आत पडायची. वाळूच्या घड्याळासारखी, अजिबात आवाज न करता. डावीकडच्या कूलरमधलं पाणी एका बाजूच्या कडेवरून ओघळायला लागलं होतं. कूलर हलवला नव्हता कोणी. तबलजी काकांची हातोडी त्यांच्या गुडघ्याजवळून सुटली, हळूच घरंगळत स्टेजच्या मध्याकडे गेली आणि आईच्या पदराला टेकून थांबली.

आईने डोळे मिटलेले होते. समेवर येत होती. पुढच्या ओळीतल्या एका आजोबांनी दाद द्यायला हात वर केला होता.

आता पळा म्हणून ओरडलं तर सगळे एकदम उठतील आणि एकदम पावलं आपटतील, एवढं मला कळत होतं. कोणत्या भाषेत, हा विचार त्या दिवशी आलाच नाही. मी भिंत सोडली नाही. टाच एकदा जमिनीवर आपटली, माझ्यापुरती, आणि शाळेत कधी हजेरीलाही लागला नसेल इतक्या मोठ्या आवाजात म्हटलं,

“आई, गाणं थांबव. काका, हात उचला. सगळे हळू उठा, एक-एक करून, भिंतीच्या कडेने माझ्याकडे या. आपण बावडीवर बसलोय.”